कर्मवीर अण्णा आणि वर्गाबाहेरची मुले

मैत्रिणींनो, स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहून द्या, असे आपल्या चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हणाले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. चकलीच्या भाजणीचे प्रमाण विचारले असते तर झोपेतून उठून सांगितले असते. पण चरित्र लिहिणे म्हणजे शिकल्यासवरल्या माणसांचे काम. घरी आले, मेथी निवडायला बसले आणि मनात एकच नाव पुनःपुन्हा येऊ लागले. कर्मवीर भाऊराव पाटील. आपल्या सातारा-सांगलीकडे हे नाव ठाऊक नाही असे घर सापडायचे नाही. दर वर्षी २२ सप्टेंबरला शाळाशाळांतून त्यांच्या तसबिरीला हार पडतो, मुले पाठ केलेली भाषणे म्हणतात. मग मी नवे काय सांगणार? नवे काहीच नाही. पण त्यांच्या आयुष्यातली एक बाजू त्या भाषणांत घाईने उरकली जाते, आणि ती मला माझ्या घरातल्या एका प्रसंगामुळे नीट दिसली. म्हणून हे धाडस केले आहे. चुकले तर पदरात घ्या.

तो प्रसंग आधी सांगते. माझ्या धाकट्या मुलीला कमी ऐकू येते. ते आम्हाला कळले ती सहा वर्षांची झाल्यावर. तोवर आम्ही तिला हट्टी समजत होतो. ती दुसरीत असताना एकदा विसरलेला डबा द्यायला मी शाळेत गेले, तर ही व्हरांड्यात भिंतीला पाठ लावून उभी. सांगितलेले ऐकत नाही, विचारले तर उत्तर देत नाही, नुसती तोंडाकडे बघत राहते, म्हणून तिला वर्गाबाहेर काढले होते. कानाला यंत्र होते, पण वर्गाच्या गोंगाटात त्याचा काय उपयोग? ती तोंडाकडे बघत होती ती ओठांवरून शब्द ओळखण्यासाठी. चौकशी केली तेव्हा समजले की, आठवडाभर रोज हेच चालले होते आणि पोरीने घरी चकार शब्द काढला नव्हता. आणि मी, तिची आई, मी काय केले? बाईंची माफी मागितली. घरी येऊन मुलीलाच नीट वागायला सांगितले. ती माफी मला अजून टोचते.

त्या रात्री झोप लागेना. माझे माहेर सातारा जिल्ह्यातले. माझे वडील लहानपणी साताऱ्यास रयत शिक्षण संस्थेच्या बोर्डिंगात राहून शिकले. अण्णांना त्यांनी दोन-तीनदाच दुरून पाहिले होते. पांढरी दाढी, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. पण अण्णांच्या गोष्टी ते आम्हाला रात्री जेवणे झाल्यावर सांगत असत, आणि त्यातली वर्गाबाहेर बसलेल्या मुलाची गोष्ट मला त्या रात्री आठवली. ती पुढे येईलच.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ चा, कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज गावी, त्यांच्या आजोळी. घराणे जैन, शेतकऱ्याचे. मूळ गाव आपल्या वाळवे तालुक्यातले ऐतवडे बुद्रुक. वडील पायगोंडा सरकारी नोकरीत, आई गंगाबाई. वडिलांच्या बदल्यांमुळे मुलांच्या शाळाही बदलत गेल्या. भाऊरावांचे प्राथमिक शिक्षण विट्यास झाले. अभ्यासापेक्षा कुस्तीत आणि पोहण्यात त्यांचा जीव अधिक. लहानपणीची एक गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. विहिरीवर अस्पृश्यांना पाणी घेऊ देत नाहीत हे पाहून या पोराने विहिरीचा रहाटच मोडून टाकला. त्यांच्या ठायी विचार मागाहून आला, राग आधी आला, असे मला वाटते. कित्येक चांगल्या कामांचे असेच असावे.

पुढे इंग्रजी शिक्षणासाठी त्यांना कोल्हापूरला राजाराम हायस्कुलात घातले आणि राहण्याची सोय जैन बोर्डिंगात झाली. बोर्डिंगाचे अधीक्षक होते अण्णासाहेब लठ्ठे. लठ्ठे एम. ए. झालेले, विद्वान, समाजाची कळकळ असलेले गृहस्थ. पुढे मुंबई इलाख्याचे अर्थमंत्रीही झाले. म्हणजे शिस्त लावणारा माणूस दुष्ट नव्हता, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. १९०८ साली शाहू महाराजांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी कोल्हापुरात मिस क्लार्क वसतिगृह काढले. त्या समारंभाला भाऊराव गेले. परत आल्यावर त्यांना आंघोळ करून मगच जेवायला येण्यास सांगण्यात आले, कारण ते शिवले गेले होते. भाऊरावांनी आंघोळ करायला साफ नकार दिला. आंघोळीचा कंटाळा नव्हता हो; कुस्तीगीर मुलगा, दिवसातून दोनदा अंगावर पाणी घेणारा. पण त्या आंघोळीचा अर्थ त्यांना कळला होता. आंघोळ केली की पलीकडच्या वसतिगृहातली पोरे घाण आहेत हे कबूल केल्यासारखे होणार. नियम मोडला म्हणून त्यांना बोर्डिंगातून काढून टाकण्यात आले. शाहू महाराजांनी त्यांना आपल्याकडे आसरा दिला, म्हणून ते रस्त्यावर आले नाहीत, एवढेच.

मी बायकांच्या दृष्टीने विचार करते. घरापासून दूर शिकणारे पोर, ताटावरून उठवलेले. त्याच्या आईला ही बातमी कळली असेल तेव्हा तीही माझ्यासारखी आधी पोरावरच चिडली असेल की काय?

शाळेतही त्यांचे गणित काही जमेना. एक गोष्ट अशी सांगतात की, महाराजांनी या मुलाला वर चढवावे म्हणून शब्द टाकला, तेव्हा गणिताच्या गुरुजींनी सांगितले की, हा ज्या बाकावर बसतो तो बाक एक वेळ वरच्या वर्गात घालीन, पण याला घालणार नाही. गुरुजी करारी खरे. राजापुढेही वाकले नाहीत. त्यांचे कौतुकच होते आणि व्हावे. पण ज्या मुलाला लाकडाच्या बाकाखाली धरले त्याने पुढे शेकडो शाळा काढल्या, हेही त्याच गोष्टीत आले पाहिजे. इंग्रजी सहावीवरच त्यांचे शिक्षण संपले. आपल्यातल्या किती जणींचे शिक्षण असेच कुठेतरी थांबले आहे!

आता ती वर्गाबाहेरची गोष्ट. इस्लामपूरच्या शाळेत एक महाराचा मुलगा वर्गात न बसता बाहेर बसून शिकत असलेला भाऊरावांनी पाहिला. त्या काळी ती शाळांची रीतच होती. त्यात कुणाला वावगे वाटत नसे. येणारेजाणारे सगळे त्याला पाहत असतील, गुरुजी पाहत असतील, पण तो बाहेर का, हा प्रश्न भाऊरावांना पडला. त्यांनी त्या मुलाला बरोबर घेतले आणि थेट कोल्हापूरला नेऊन मिस क्लार्क वसतिगृहात दाखल केले. त्या मुलाचे नाव ज्ञानदेव घोलप. हेच घोलप पुढे डॉक्टर आंबेडकरांनी सुरू केलेल्या मूकनायक पत्राचे संपादक झाले आणि मुंबईच्या कायदेमंडळात सभासद म्हणून बसले. दाराबाहेर बसवलेला मुलगा कायदे करायच्या सभेत जाऊन बसला! माझे वडील ही गोष्ट सांगताना येथे थोडे थांबत असत आणि आमच्या तोंडाकडे पाहत असत.

लठ्ठ्यांची आणि भाऊरावांची गाठ पुढे फार विचित्र रीतीने पडली. १९१४ साली कोल्हापुरात इंग्रज राजघराण्याच्या पुतळ्यांना कोणीतरी डांबर फासले. संशय लठ्ठ्यांवर घेण्यात आला आणि त्यांच्याविरुद्ध खोटी साक्ष दे म्हणून भाऊरावांवर दडपण आले. ज्या माणसाने आपल्याला बोर्डिंगातून हाकलले त्याच्यावर सूड घ्यायची याहून सोपी संधी कोणती? भाऊरावांनी साक्ष दिली नाही. तुरुंगात त्यांचे इतके हाल झाले की, त्यांनी जीव देण्याचा प्रयत्न केला. पण खोटे काही बोलले नाहीत. शेवटी ते निर्दोष सुटले. शिस्त म्हणजे काय, याचे उत्तर मला या प्रसंगात सापडते. जेवणाआधीची आंघोळ त्यांनी मोडली, ही मात्र मोडली नाही.

मग पोटापाण्यासाठी साताऱ्यास शिकवण्या केल्या, ओगल्यांच्या काचकारखान्याचे व पुढे किर्लोस्करांच्या नांगराचे विक्रेते म्हणून गावोगाव हिंडले. साताऱ्यास धनजीशा कूपर यांनी कारखाना काढला, त्यातही भाऊरावांचा मोठा हात होता. या भागाविषयी पुष्कळ लिहिता येईल, पण ते पुरुषांनी लिहावे. मला एवढेच दिसते की, नांगर विकता विकता त्यांनी खेडी पाहिली, आणि खेड्यातली पोरे शाळेवाचून ढोरांमागे फिरताना पाहिली. नांगर विकणारा माणूस त्या पोरांचा विचार करू लागला.

पहिला प्रयोग आपल्या सांगलीकडचाच. मिरज तालुक्यातल्या दुधगावी १९१० च्या सुमारास गावकऱ्यांना जोडीला घेऊन त्यांनी विद्यार्थी आश्रम काढला आणि निरनिराळ्या जातींची मुले एकत्र ठेवली. नंतर ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळ काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली, आणि १९२४ मध्ये साताऱ्यास मोठे बोर्डिंग सुरू झाले. १९२७ साली महात्मा गांधी साताऱ्यास आले, त्यांनी ते पाहिले आणि त्यांच्या हस्ते बोर्डिंगाला छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले.

या बोर्डिंगाची शिस्त मोठी कडक. फुकट खायचे नाही. मुलांनीच दळायचे, रांधायचे, पाणी भरायचे, झाडायचे, भांडी घासायची, शेतात राबायचे. ब्राह्मणाचा मुलगा, मराठ्याचा, महाराचा, मांगाचा, मुसलमानाचा, जैनाचा, सगळे एका पंगतीत. जो नियम होता तो सर्वांना एक, आणि त्या नियमात कोणाला उठवून बाहेर बसवायची सोय नव्हती. जैन बोर्डिंगातही शिस्तच होती, इथेही शिस्तच. पण तिथल्या शिस्तीत अमक्याला दूर ठेवायचे ठरले होते आणि इथल्या शिस्तीत सर्वांना आत घ्यायचे ठरले होते. मुलांना भाकरी भाजायला लावतात म्हणून त्या वेळी पुष्कळांनी नाके मुरडली. आपल्या घरातले मुलगे अजून चहाचा कप उचलत नाहीत, हे आठवले की मला त्या नाक मुरडणाऱ्यांची गंमत वाटते.

आता ज्या माउलीविषयी भाषणांतून एखादेच वाक्य येते तिच्याविषयी. लक्ष्मीबाई कुंभोजच्याच पाटील घराण्यातल्या. खात्यापित्या घरची मुलगी, सोन्याने मढून सासरी आली. सोवळेओवळे पाळणाऱ्या जैन घरात वाढलेली. तिच्या नवऱ्याने काय करावे? सगळ्या जातींची परकी पोरे तिच्या पदरात आणून टाकली. पहिल्या दिवशी तिला हे सहज रुचले असेल असे मुळीच मानू नका. जुने वळण मनातून काढायला वेळ लागतो. त्यात तिला पुस्तकी शिक्षण नाही, कुणी समजावून सांगणारे नाही. पण हळूहळू ती त्या पोरांची झाली. मुले भाऊरावांना अण्णा म्हणत आणि तिला वहिनी. दुखलेखुपले तर वहिनी, भूक लागली तर वहिनी. बोर्डिंगाला देणग्या कमी पडू लागल्या तसे तिच्या अंगावरचे दागिने एकेक करून गेले. शेवटी एकदा अण्णा परगावी असताना धान्य संपले, पोरे उपाशी राहायची वेळ आली, तेव्हा तिने गळ्यातले मंगळसूत्र काढून दिले आणि पोरांच्या ताटात भाकरी पडली. आपण मैत्रिणी मंडळात जमतो तेव्हा सोन्याच्या भावाच्या गोष्टी करतोच की. डोळ्यांसमोर आणा: नवरा जिवंत आहे, आणि बाई मोकळ्या गळ्याने गावात वावरते आहे. लोक काय बोलले असतील? दागिना देण्यापेक्षा ते बोलणे सोसणे मला अधिक कठीण वाटते.

१९३० साली लक्ष्मीबाई गेल्या. संस्थेचा विस्तार पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. अण्णा त्यानंतर एकोणतीस वर्षे जगले.

पुढचा इतिहास आकड्यांनी भरला आहे. तो थोडक्यात देते. १९३५ मध्ये साताऱ्यास शिक्षक तयार करण्यासाठी ट्रेनिंग कॉलेज निघाले, कारण शाळा काढल्या तरी खेड्यात राहायला तयार असलेला मास्तर हवा. १९४० मध्ये महाराजा सयाजीराव हायस्कूल निघाले, जिथे गरिबाच्या मुलाने कष्ट करावेत आणि फी न देता शिकावे. १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज; १९५४ मध्ये कराडला गाडगे महाराजांच्या नावाचे कॉलेज. गांधीजींच्या हत्येनंतर त्यांच्या नावाने एकशे एक हायस्कुले काढण्याचा अण्णांनी संकल्प सोडला. मध्यंतरी १९४८ मध्ये सरकारशी खटका उडून संस्थेचे अनुदान बंद झाले, तेव्हा अण्णा झोळी घेऊन लोकांकडे गेले आणि लोकांनी मूठमूठ धान्य देऊन संस्था जगवली. १९५९ मध्ये पद्मभूषण हा किताब मिळाला, पुणे विद्यापीठाने डी. लिट. ही पदवी दिली. इंग्रजी सहावीतून बाहेर पडलेल्या माणसाला! त्याच वर्षी ९ मे रोजी पुण्यास त्यांचे देहावसान झाले. संस्थेच्या बोधचिन्हावर वडाचे झाड आहे, ते आपण सर्वांनी पाहिले आहे.

अण्णांचे सारे आयुष्य जातीची भिंत पाडण्यात गेले. कमी ऐकणाऱ्या, कमी दिसणाऱ्या, चालता न येणाऱ्या मुलांचा प्रश्न त्या काळी कुणाच्या फारसा ध्यानीमनी नव्हता. ते काम पुढे दुसऱ्यांनी केले. आपल्या सातारा जिल्ह्यात फलटणला कमला निंबकर बालभवन नावाची शाळा आहे. ज्यांचे नाव तिला दिले त्या कमलाबाई जन्माने अमेरिकन, लग्नाने आपल्याकडच्या. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९५० साली अपंगांना हातापायांचा उपयोग पुन्हा शिकवणाऱ्या व्यवसायोपचाराचे शिक्षण त्यांनी सुरू केले. तरीही माझ्या मुलीचे व्हरांड्यातले उभे राहणे आणि इस्लामपूरच्या त्या मुलाचे बाहेर बसणे मला एकच वाटते. दोघांनीही काही केले नव्हते. ते जसे होते तसे असणे हाच त्यांचा अपराध ठरला, आणि त्याला नाव मिळाले शिस्तीचे.

वडिलांची गोष्ट आठवली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मी विचारपूस सुरू केली. शाळाशाळांतून फिरणाऱ्या एक विशेष शिक्षिका आहेत, त्यांनी मला शेजारी बसवून समजावले. शिक्षण हक्काचा कायदा २००९ मध्ये झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याप्रमाणे शाळेत मुलाला मारता येत नाही, त्याचा मानसिक छळही करता येत नाही, आणि आठवीपर्यंतचे शिक्षण पुरे होण्याआधी त्याला शाळेतून काढता येत नाही. दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा २०१६ चा. त्यात एकवीस प्रकारची अपंगत्वे धरली आहेत, बहिरेपणा आणि कमी ऐकू येणे त्यात आलेच. अशा मुलांना भेदभाव न करता शाळेत घ्यायचे आणि ज्याला जशी सोय लागेल तशी ती द्यायची, असे त्यात आहे. सरकारी दाखला असलेल्या मुलाला अठरा वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकता येते. हे मी वहीत लिहून घेतले. कायदा म्हणजे कोर्टकचेरी, असेच मला आजवर वाटत होते; तो आईने पिशवीत घालून शाळेत न्यायची वस्तू आहे हे माहीत नव्हते.

मी पुन्हा शाळेत गेले. या वेळी माफी मागितली नाही. भांडलेही नाही, बाईंना साठ मुले सांभाळायची असतात, आणि अशा मुलांना कसे शिकवायचे हे त्यांनाही कुणी शिकवलेले नव्हते. मुलीला पुढच्या बाकावर बसवावे, बोलताना तोंड तिच्याकडे असावे, फळ्याकडे तोंड करून बोलू नये, आणि सूचना फळ्यावर लिहावी, एवढेच मागितले. पहिल्यांदा बाई थोड्या घुश्श्यात होत्या. महिन्याभराने त्यांनीच मला बोलावून सांगितले की, मुलगी पाढे म्हणते. तिला पाढे येत होतेच; तिला विचारलेले ऐकू येत नव्हते.

आता ती आठवीत आहे. गेल्या वर्षी माहेरी गेलो होतो तेव्हा तिला साताऱ्यास अण्णांच्या समाधीवर नेले. तिथे मी तिला घोलपांची गोष्ट सांगितली, माझ्या वडिलांसारखीच, तिच्या तोंडासमोर तोंड धरून, सावकाश. गोष्ट संपल्यावर तिने एकच विचारले. त्या मुलाला बाहेर बसून आतले गुरुजी ऐकू येत होते का? मला उत्तर देता आले नाही.

आपल्या मागच्या आळीत एक मुलगा आहे, त्याला अक्षरे उलटी दिसतात आणि रोज वहीवर लाल रेघा घेऊन तो घरी येतो. त्याच्या आईला मी शब्द दिला आहे. जूनमध्ये शाळा उघडली की, पहिल्या आठवड्यात आम्ही दोघी मिळून हेडमास्तरांना भेटणार आहोत. त्या दिवशी मंडळाच्या भजनाला मला यायला उशीर होईल, तेवढे सांभाळून घ्यावे.